तुझा बाकावरचा गडी

प्रिय मिलिंद,

तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. राग होता तुझ्यावर. पण आज शुक्रवारी सकाळी आपली इरा माझ्याशी पोटभर बोलली, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

गणपतीत तू हे जग सोडून गेलास. इथे राहायचा माझा इकामा परवाना हॉस्पिटलकडून माझ्या नावावर आहे, म्हणून आम्ही दोघी रियाधलाच राहिलो. इराची नववी आहे, आणि तुम्हा दोघांची ती टीम आहे. तुझ्या ओलायातल्या ऑफिसने लावलेलं अमेरिकन फुटबॉलचं वेड! खेळाडू कागदावर निवडायचे, ते तिकडे खरोखर पळाले की इकडे तुम्हाला गुण.

खरं सांगू? मला त्या टीमचा हेवा वाटायचा. सुट्टीच्या सकाळी मी पोहे करायचे, आणि तुम्ही बापलेक सोफ्यावर बसून सामन्याचं रेकॉर्डिंग बघायचात. मी काही विचारलं की ही म्हणणार, "आई, वेट ना." तुझ्याशी मराठी आणि मला इंग्रजी? माझ्या पोटात दुखायचं रे. तू कधी सरकून मला जागा का नाही केलीस?

तू गेल्यावरही तुमचं दोघांचंच चालू होतं. मुख्य धावणारा जखमी झाला तर हाताशी असावा, म्हणून तू एक बदली गडी घेऊन ठेवला होतास. तो कायम बाकावरच. दिवाळीपर्यंत खेळला नाही तर काढून टाकू, असं तू इराला म्हणाला होतास. दिवाळी झाली. तुझा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

मागच्या शुक्रवारी ती त्याला काढायलाच बसली होती. मी पोह्यांच्या बशा घेऊन मागे उभी. पडद्यावर मुख्य गडी पडला आणि उठला, पण कसा? हात टेकून, सगळा भार डाव्या पायावर घेऊन. फिजिओथेरपीत माझी इतकी वर्षं गेली. दुखणं लपवणारे पेशंट असेच उठतात.

"इरा, बाकावरच्याला ठेव. याचा उजवा घोटा गेलाय."

"बट बाबा सेड..."

"बाबाने याला उठताना बघितलं नव्हतं."

तिचे डोळे भरले. खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं, होती नव्हती तेवढी पोरगीही मी घालवली. पण त्याला तिने काढलं नाही.

आजच्या सामन्यात मुख्य गडी नव्हताच. तुझा बाकावरचा जो सुटला, तो दोनदा शेवटची रेघ ओलांडून गेला! इरा हसली, मग रडली, मग माझ्याकडे वळली. "आई, तुला कसं कळलं?" मराठीत विचारलं तिने. आणि सरकली. तुझ्या जागेवर थोपटून म्हणाली, "बस ना इथे."

मी बसले. उशी अजून तुझ्या बाजूने दबलेली आहे. मला तिसरी जागा हवी होती, मिलिंद. तुमच्या दोघांच्या शेजारची.

आता एक कबूल करते. तू चुकला होतास असं मी तिला कधीच म्हणणार नाही. "गडी तुझ्या बाबाने निवडला होता," हेच तिला सांगत राहीन. पण त्या जागेवरून मी आता उठणार नाही. तुझ्या पोटात दुखलं तर खुशाल दुखू दे.

तुझीच,
मेघना