तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

प्रिय ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

कॉलेज सोडलं म्हणून तू अबोला धरलास, तरी मी तुझंच ऐकतोय. एकदम सगळं बदलू नकोस, रोजच्या कामातच चांगली सवय बसव, म्हणाली होतीस ना? म्हणून कापलेल्या दगडाचे नमुने चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात द्यायला मी लिफ्ट सोडून जिन्याने जातो. तिथे नमुने नोंदवून घेणारी ती मुलगी बसते, त्यामुळे ही सवय मोडायची भीती नाही.

आईचा गुडघा कसा आहे?

दगड कापताना उडणाऱ्या धुळीसाठी मास्क मिळाला होता. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "तोंड झाकलंस तर ती ओळखणार कशी, राजा?" माझं डोकं फिरलं. मास्क त्याच्या अंगावर फेकला. आता परत मागायला जीभ रेटत नाही.

आधी एका दमात चढायचो. हल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी थांबतो. जरासा खोकला आहे, बाकी ठीक.

काल ती म्हणाली, "तुमच्या आधीचा कारागीरही त्याच खिडकीपाशी असाच खोकत थांबायचा."

"मग तो गेला कुठे?"

तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "उद्यापासून लिफ्टने या," एवढंच म्हणाली.

पण मी जिन्यानेच जाणार. तुला शब्द दिलाय.

आईला वाचून दाखवताना खोकल्याची ओळ गाळ.

तुझाच,
हट्टी भाऊ