दहाव्या गाण्यातला ट्रम्पेट

मी, एमेट सालिनास, वय एक्कावन्न, धंदा पोहण्याच्या तलावांची दुरुस्ती, राहणार सांता आना, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवतो. यकृत कामातून गेलं आहे, डोकं शाबूत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला ओळखणाऱ्यांना तो लागेलच.

१. घर, व्हॅन आणि तलावाची सगळी अवजारं माझी मुलगी तबिथा हिला. मागच्या दाराची कडी वर उचलून ओढावी लागते, हे तिला माहीत आहे, जावयाला नाही. त्याला सांगू नये.

२. बँडमध्ये घालायचो तो काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा टाय आणि तसलेच बूट पास्टर रॉइस टिबेट्स यांना. देवाच्या घरात उड्या मारायचं संगीत चालणार नाही, असं ते १९९५ साली म्हणाले होते. पुढे एकदा दुसऱ्या रांगेत त्यांचाच पाय ठेका धरताना मी पाहिला. राग नाही. बूट त्यांच्या मापाचे आहेत.

३. आता मुख्य गोष्ट. 'बलाम्स डाँकी' हा आमचा सात जणांचा स्का बँड; म्हणजे जमैकाचा उडता ठेका, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, आणि गाणी देवाची. बायबलातल्या बोलक्या गाढवाचं नाव आम्हाला शोभत होतं. २००३ साली आमच्या गाजलेल्या आणि दुर्मिळ गाण्यांचा संग्रह निघाला, तो मी तयार केला. त्यातल्या दहाव्या, तोवर कुठेच न निघालेल्या गाण्यात मधोमध ट्रॉम्बोनचा एकट्याचा तुकडा आहे. त्यासाठी मला अजून पत्रं येतात. तबिथा, तू मैत्रिणींना 'हे माझे बाबा' म्हणून ऐकवतेस तोच. वाजवलं मीच, पण ते सूर आमच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या गिडियन पाकचे आहेत. मूळ टेपवर तिथे त्याचा ट्रम्पेट आहे. संग्रहात मी तो वगळला आणि त्याचेच सूर स्वतः वाजवून जागा भरली.

कारणही लिहितो. कार्यक्रमाआधी आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गोल उभे राहायचो, आणि प्रत्येकाने प्रार्थनेचं एक वाक्य म्हणायचं. १९९८ साली, कोस्टा मेसातल्या एका चर्चच्या पार्किंगमध्ये गिडियनची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आज माझ्याकडे वाक्य नाही. खोटं बोलू का?" जो प्रार्थना करत नाही तो वाजवत नाही, असा आमचा नियम. त्याला काढायचं का, म्हणून हात वर करायला सांगितले, तेव्हा माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. त्याने ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि बसने घरी गेला. पाच वर्षांनी संग्रह करताना मला वाटलं, देवाच्या गाण्यात याचा श्वास कशाला. तेव्हा ते धर्माचं काम वाटलं होतं. आज लाज वाटते.

माझं आजारपण कळल्यापासून गिडियन दर गुरुवारी गार्डन ग्रोव्हहून तांदळाची पेज घेऊन येतो. मागच्या महिन्यात मी त्याला सांगून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या ओळीत चुकलास. तिथे मी कधीच चुकलो नव्हतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. एकवीस वर्षं लावलीस, गाढवा. पेज खा, गार होतेय."

४. मूळ टेप कपाटात, तळाच्या खणात, बायबलखाली आहे. ती टाकून द्यायला माझा हात धजला नाही. ती टेप, माझा ट्रॉम्बोन आणि संग्रहातला माझा हक्क गिडियनला. नवी आवृत्ती निघेल तेव्हा दहाव्या गाण्यात त्याचाच ट्रम्पेट असावा आणि त्याचं नाव पूर्ण छापावं. माझा चुकलेला तुकडा दुर्मिळ म्हणून शेवटी घातला तरी चालेल.

५. दफनाच्या दिवशी बँडने दहावं गाणं वाजवावं. आधी नेहमीसारखं गोल उभं राहावं. गिडियनची पाळी येईल तेव्हा त्याच्याकडे वाक्य असो वा नसो, त्याच्या खांद्यावरचा हात कोणी काढू नये. त्याला वगळून वाजवायचं असेल, तर मला मुकाट्याने पुरावं.

साक्षीदार म्हणून गिडियन सही करणार होता. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून तो बाहेर गाडीत बसला आहे, मांडीवर डबा घेऊन.

सही: एमेट सालिनास

आमच्यासमोर सही झाली:
ऑडेल फ्रिट्झ, शेजारीण
होमेरो क्विंटाना, व्हॅनचा मेकॅनिक

सांता आना, १० ऑक्टोबर २०२४, गुरुवार