सेक्शनला लागलेली शिस्त

३ मार्च
आजपासून मी तक्रार विभागाचा प्रमुख. वॉशिंग मशीन बिघडलं की लोक फोन करतात, तो हाच विभाग. सगळी मंडळी एका लांब टेबलाभोवती बसून खिदळत काम करतात. चालायचं नाही. इथलं कल्चर बदलणार! बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी मोरीतला नळ बदला. दूरदृष्टीच नाही.

५ मार्च
जोडून लावलेली टेबलं अलग केली. मध्ये पार्टिशन. बोलायचं असेल तर ईमेल. विभागातल्या सर्वांत जुन्या बाई, ज्यांना सगळे ताई म्हणतात, विचारत होत्या की शेजारच्याला नुसतं 'या मॉडेलचं झाकण कसं निघतं' एवढंच विचारायचं असेल तर? म्हटलं, ईमेल. त्या 'बरं' म्हणाल्या. किती पटकन पटलं!

९ मार्च
टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. काम कमी होतंय, पण काय शिस्तीत!

१० मार्च, दुपारी
नवा नियम. मला विचारल्याशिवाय कोणी निर्णय घ्यायचा नाही. लोकांमध्ये जबाबदारीची जाणीव वाढली पाहिजे.

१३ मार्च
माझ्या केबिनबाहेर रांग. मेकॅनिक सकाळी पाठवू की दुपारी? पाइप गळतोय, तर पाइप बदलू का? केवढा विश्वास माझ्यावर! जेवायला फुरसत नाही. पेंडिंग दुप्पट झालंय. ग्राहक मोकळेपणाने बोलू लागलेत, दुसरं काय.

१७ मार्च
मिशीवाला ऑपरेटर पूर्वी काम संपेपर्यंत थांबायचा. हल्ली ऑफिस सुटायच्या आधीच बॅग खांद्याला. वक्तशीरपणा भिनला. मोठ्या साहेबांचा फोन : तुमच्याकडे फोन कोणी उचलत का नाही? म्हणालो, सर, संक्रमणाचा काळ आहे.

२० मार्च
सूचना देऊन देऊन घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, घरी बसवलं. माझ्यामागे त्या बिचाऱ्यांचं काय होणार? बायको म्हणाली, घरात कसं छान वाटतंय.

२७ मार्च
परत रुजू. पार्टिशनं कोपऱ्यात उभी, टेबलं पुन्हा एकत्र, खिदळणं जोरात. पेंडिंग शून्य! माझ्या ट्रेनिंगचं फळ. मोठ्या साहेबांनी विचारलं, तुम्ही नसताना हे जमलं कसं? छाती फुगवून सांगितलं, सर, टीमच अशी घडवली की माझी गरज उरू नये. साहेब खूश. म्हणाले, मग प्रश्नच मिटला.

३० मार्च
केबिन गेली. टेबलाच्या टोकाला मला खुर्ची दिली, हेडफोन दिला. पहिलाच फोन एका आजोबांचा. मशीन थडथडत बाथरूमबाहेर आलंय, काय करू? मी म्हणालो, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. ते ओरडले, अहो, ते अजून येतंय!
सगळं टेबल हसायला लागलं. ताईंनी माझा हेडफोन काढून घेतला, आजोबांना आधी प्लग काढायला लावला, मग मशीनचे पाय समतल करायला शिकवलं. आजोबांनी विचारलं असावं, मघाशी कोण बोलत होतं?
ताई म्हणाल्या, नवीन आहेत. शिकतील.