तुझ्या न्हाणीघरातल्या दोन बाटल्या

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी बरी नाही. चेहरा लालभडक झालाय, गालांची सालं निघताहेत आणि तोंडाला पाणी लावलं तरी चरचरतं. याला जबाबदार तू!

गेल्या आठवड्यात तुझ्या शेजारणीने मला तुझी आई समजलं. आपल्यात अंतर तीन वर्षांचं. तू तिची चूक दुरुस्त केली नाहीस, नुसती खुदकन हसलीस. म्हणून निघताना तुझ्या न्हाणीघरातल्या, तू चेहऱ्याला लावतेस त्या दोन बाटल्यांची नावं उतरवून घेतली. ग्लायकोलिक अ‍ॅसिड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड. दोन्ही आणल्या आणि सलग तीन संध्याकाळी एकीवर दुसरी चोळली. म्हटलं, तुझ्यापेक्षा लवकर उजळू.

शनिवारी माझ्या कॉन्व्हेंटच्या जुन्या मुलींचा मेळावा आहे. भाषण माझं आहे. हे तोंड घेऊन व्यासपीठावर कशी उभी राहू? येणार नाही असं कळवते. तू मात्र आरशात बघून खूश राहा.

तुझीच,
ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. दोन्ही बाटल्या ताबडतोब बंद कर. साध्या पाण्याने तोंड धू, बिनवासाचं साधं क्रीम लाव आणि उन्हात जाऊ नकोस. फोड आले किंवा डोळे सुजले तर तडक डॉक्टरकडे जा.

अगं, मी दोन्ही एकाच दिवशी कधीच लावत नाही. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी, मधल्या दिवसांत नुसतं क्रीम आणि सकाळी न चुकता सनस्क्रीन. सुरुवातीला तर महिनाभर एकच बाटली, तीही आधी कानामागे लावून बघितली. हे सगळं बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस ना तू?

मला बाबांनी कॉन्व्हेंटात घातलं नाही. तू फाडफाड बोलायचीस, मी दाराआडून ऐकायचे आणि जळायचे. म्हणून आजही प्रत्येक बाटली सूनबाई मला शब्दन् शब्द वाचून दाखवते आणि मराठीत समजावते. मला येत नाही म्हणून मी वाचले.

मेळाव्याला जा, ताई. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

गेले. सालं निघालेल्या गालांनी अर्धा तास बोलले. एका वर्गमैत्रिणीने सगळ्यांदेखत विचारलं, तोंडाला काय झालं. माइक हातातच होता. सांगून टाकलं की धाकट्या बहिणीवर जळले, दुसरं काही नाही. सभागृह हसलं. ती मात्र हसली नाही. चहाच्या वेळी माझा हात धरून बसली आणि तिच्या बहिणीबद्दल बोलत राहिली.

चेहरा निवतोय. पण खरं सांगते, तुझी कांती बघून मी एवढी जळले नव्हते, जेवढी तुझं पत्र वाचून जळले. इथे दिवसभर घरात माझाच आवाज असतो, तोही रेडिओला रागावण्यापुरता.

सूनबाईला चार दिवस इकडे पाठवशील का? बाटल्या वाचायला नको, त्या मी कचऱ्यात टाकल्या. तिने काहीही आणावं, अगदी औषधाचा कागदसुद्धा चालेल. वाचता मलाही येतं गं. नुसतं कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं.

राग नाही, माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई