सहाच्या शोचा सूड

२० मार्च, शुक्रवार

सहाचा शो काढला. रात्रीचा काढला. दुपारचाही. आजपासून आपल्या पिक्चरला (आ. पि.) सकाळी नऊ. सकाळी नऊला! त्या वेळी रत्नागिरीत माणूस मासे घेतो, डबा भरतो, ऑफिस गाठतो. पिक्चर कोण बघतो?

थिएटरचा मॅनेजर मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, वरून अट आहे. त्यांचं पिक्चर हवं तर बाकीचे सगळे शो त्यांचे. नाहीतर दिवाळीचं मोठं पिक्चर मिळणार नाही." गेल्या रविवारी सहाचा शो भरून वाहिला तेव्हा याच माणसाने मच्छीमारांच्या खारवीवाड्यातल्या बायकांसाठी बाहेरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून टाकल्या होत्या.

आणि "वरून" म्हणजे कोण, तर नितीन. माझ्या नाटकात पडदा ओढायचा, माझ्या पहिल्या शॉर्टफिल्मला क्लॅप धरायचा. मीच ओळख काढून मुंबईला चिकटवला शिंच्याला. आता तो मोठ्या कंपनीत (इथून पुढे मो. कं., पूर्ण नाव लिहून वही कशाला बाटवू) बसून कुठल्या गावात कुठला शो कोणाला ते ठरवतो. फोन उचलत नाही.

२४ मार्च

उतरवलं. कारण काय, तर प्रेक्षक नाहीत. नऊच्या शोला मी, बँकेतून अर्धी रजा टाकून आलेला नवरा प्रमोद आणि एसीत झोपायला आलेला एक एस.टी. कंडक्टर.

मो. कं.चं पिक्चरही पडलंय म्हणे. पण त्यांना काय! टीव्हीला आधीच विकलेलं, ॲपला विकलेलं, गाणी वेगळी विकलेली. चार पडतात, एक चालतं, त्यात सगळं धुऊन निघतं. माझं एकच होतं. तीन वर्षं, सगळा खारवीवाडा, नंदाचं ते काम... आणि एका शुक्रवारात आटोपलं.

नंदाचा फोन आला. आ. पि.ची हिरॉइन, एरवी पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव करणारी. "बाई, राजापूरची नणंद रविवारी बघाय येनार होती. तिला काय सांगू?"

काय सांगणार, कप्पाळ! लोकांनी बघावं, एवढंच तर हवं होतं मला. नितीन, तुला रडवल्याशिवाय राहणार नाही.

१८ एप्रिल

आज त्याचाच फोन. आवाजात तूप. "ताई, रागावलीस ना? अगं, माझ्या हातात काही नसतं." मग मुद्दा. मो. कं.ला आपल्याच खारवीवाड्यात शूटिंग करायचंय. किनाऱ्यावर अख्ख्या मासळीबाजाराचा सेट, होड्या, गर्दी. "तिकडची माणसं तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार? लोकल कोऑर्डिनेटर म्हणून ये ना."

हो म्हटलं.

प्रमोदच्या हातातला चहा तसाच राहिला. "तू हो म्हणालीस? बरी आहेस ना?"

बरी आहे. महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली.

२४ एप्रिल

जागा बघायला आले. नितीन, आर्ट डायरेक्टर आणि छत्र्या धरणारी दोन माणसं. आज अष्टमी, म्हणजे भांग. भांगात भरतीचं पाणी अर्ध्या वाळूवरच थांबतं. हे साहेब वाळूच्या मधोमध उभे राहून हात पसरतात, "वंडरफुल! मार्केट इथेच उभं करू. पाणी केवढं लांब आहे!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

सेट मेच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे पुन्हा भांगात उभा राहणार. हिरो येणार अठराला. अमावास्या सोळाला. अमावास्येच्या उधाणाला पाणी सुरूच्या झाडांना लागतं, त्यात मेचा वारा. सगळं हिरोच्या तारखांवर ठरवलेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे कोणी बघितलेलंच नाही.

नितीन शेजारीच उभा होता. दाभोळचा पोरगा, आणि मुंबईत राहून तिथी विसरला! मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली.

१० मे

सेट उभा राहिला. सुरेख झालाय, हे लिहितानाही जिवावर येतंय. आमच्या पिक्चरला खऱ्या बाजारात माशा हाकत शूटिंग केलं होतं आम्ही. यांच्याकडे खोटे मासे मुंबईहून टेम्पोने आले.

अर्धा खारवीवाडा गर्दीत उभा राहणार आहे. वीस दिवसांचं काम, पुढे पावसाळ्याची मासेमारी बंदी, त्यामुळे सगळे खूश. नंदाला एक वाक्य मिळालंय, "घ्या हो ताजी." नवीन पातळ दाखवायला आली.

"माझ्या पिक्चरची हिरॉइन तू, आणि यांच्याकडे टोपली घेऊन उभी राहणार? लाज नाही वाटत?"

"वाटते की. पन बंदीत चूल लाजंवर पेटते काय, बाई?"

नको ते बोलले. पण राग आलाच.

१४ मे

आज उधाणाचं सांगून टाकावंसं वाटलं. वीस दिवसांचं काम आहे माणसांचं. सेटवर गेले, तर मो. कं.चा एक पोरगेलासा मॅनेजर मला म्हणतो, "आंटी, तुमचंपण एक पिक्चर आलं होतं ना? चाललं नाही, नाही का? छोट्या पिक्चरचं असंच असतं."

तिथून तशीच घरी आले.

रात्री जेवताना प्रमोद आंबा चोखत म्हणाला, "शनिवारी अमावास्या आहे."

"माहीत आहे."

त्याने बाठा ताटात ठेवून दुसरा आंबा घेतला.

१७ मे, रविवार

गेला! गेला! गेला!

काल नुसतं चाटून गेलं होतं. आज बाराच्या सुमारास भरती चढली ती थांबेचना. आधी खोटे मासे तरंगायला लागले, मग पत्रे, मग पाट्या, मग बाजाराची अख्खी कमान आडवी झाली. सुट्टी होती म्हणून सेटवर कोणी नव्हतं, कोणाच्या नखालाही लागलं नाही. ते आधीच बघून ठेवलं होतं मी, इतकी काही राक्षसीण नाही.

वरच्या कातळावर, सड्यावर उभी राहून बघत होते. सहाचा शो. रात्रीचा शो. दुपारचा शो. एकेक लाट मोजून घेतली.

एक मात्र चमत्कारिक. वाड्यातल्या होड्या सकाळपासूनच खाडीत नेऊन बांधलेल्या. एकही बाहेर नव्हती.

१९ मे

मो. कं. गाशा गुंडाळतेय. मला रडारड बघायची होती, तोंडचं पाणी पळालेलं बघायचं होतं. कसलं काय! आर्ट डायरेक्टर खानावळीत सुरमईची दुसरी थाळी मागवत होता. बाकीचं म्हणे मुंबईत स्टुडिओतल्या पाण्याच्या टँकमध्ये करणार. गर्दीपण तिकडचीच. वीस दिवसांचं काम बंद.

नंदाकडे गेले. पातळ घडी करून ठेवलं होतं तिने. म्हटलं, "नंदा, मला उधाणाचं माहीत होतं. मी बोलले नाही."

"म्हंजे? आमाला काय भरती कळत नाय? सगल्या वाड्याला म्हाईत होतं. कोनी तोंड उघडायचा नाय, असा ठरला होता आमचा. तुमचा पिच्चर उडवला ना त्यांनी."

आणि मी हिला विचारलं होतं, लाज नाही वाटत? मला तिच्या ओट्यावर बसवेना. चहा न घेताच निघाले.

२३ मे

नितीनचा फोन. उचलला. म्हटलं, निदान याचा तरी आवाज पडलेला ऐकावा.

हसत होता. "ताई, काय शॉट मिळालाय! दोन कॅमेरे लावून ठेवले होते. समुद्र बाजार गिळतो तो शेवटचा सीन, कॉम्प्युटरवर केला असता तर असा झाला नसता."

"म्हणजे तुला..."

"दाभोळचा आहे मी, ताई. उधाण कळत नाही मला? हिरोला त्या उन्हात आणायचंच कोणाला होतं!"

तो पुढे बोलतच होता. "इन्शुरन्सवाल्यांनी विचारलं, लोकल माणसाने धोका सांगितला नव्हता का? म्हटलं नाही. खरंच आहे ना? सेटचे पैसे सुटतील आता. दुसरा कोणी असता तर पहिल्याच दिवशी आर्ट डायरेक्टरला सांगून मोकळा झाला असता, मग सेट हलवावा लागला असता. तू सांगणार नाहीस याची मला खात्री होती. म्हणून तर तुला घेतलं."

माझा राग. माझा स्वतःचा, पोटात सांभाळलेला, जपलेला राग. तोही मेल्याने कामाला लावला! त्यांचं पिक्चर पडलं तरी चालतं, सेट बुडाला तरी चालतो, कोणी सूड घेतला तर तोही चालतो. आणि आमचा एक शुक्रवार गेला तर आम्ही संपलो.

फोन ठेवण्याआधी म्हणाला, "तुझं पिक्चर आमच्या ॲपवर टाकू या का? बोलतो मी वर. लोक बघतील तरी."

लोक बघतील तरी. नेमकं कुठे बोट ठेवायचं ते मीच शिकवलंय त्याला.

३० मे

नंदा आली. बंदीआधीची शेवटची मासळी, दोन सरंगे आणले होते. नको म्हटलं तर ओट्यावर ठेवून बसली. पदर खोचला आणि डोळे बारीक करून विचारते, "मंग बाई? रडला काय तो नितीन?"

सगळा वाडा विचारतोय म्हणे. काम गेलं त्याचं कोणी काही बोलत नाही, एवढंच विचारतात.

"रडला," म्हटलं.

"लय?"

"खूप."

तिने समाधानाने मान हलवली आणि विळी मागितली, मासे साफ करून देते म्हणाली. ॲपवर टाकू का म्हणून नितीनचे तीन मेसेज आलेत. अजून उत्तर दिलेलं नाही.