धुतलेल्या पायांची यादी

प्रिय सालू,

पवित्र गुरुवारच्या प्रवचनासाठी पाय धुण्याच्या विधीचा अर्थ उलगडून लिहा, असे तू कळवलेस. धर्मगुरू झालेला मुलगा अजून बापाला विचारतो, याचा आनंद मी लपवणार नाही. तेव्हा क्रमाने सांगतो. त्या काळी पाहुण्याचे धुळीने भरलेले पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचे काम होते. प्रभू जेवणावरून उठले, कमरेला रुमाल बांधला आणि आपल्या शिष्यांसाठी तेच काम केले. धुणाऱ्याला वाकावे लागते, हे सर्वांना दिसते. त्याहून अवघड गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ज्याचे पाय धुतले जातात, त्याला आपली घाण दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. पेत्र हा शिष्य कचरला तो तिथेच.

आता आपल्या तोंडवलीत ये. पाय धुवून घेणाऱ्या बारा जणांची यादी एकतीस वर्षे मी करतो आहे. त्यात नाव आलेला प्रत्येक जण गुरुवारी दुपारी विहिरीवर बसून टाचा घासतो, नखे कापतो, दोनदा साबण लावतो. फादरांच्या हाती येतात ते आधीच धुतलेले पाय. हा नीटनेटकेपणा मीच लावला आणि त्याला नम्रता म्हटले.

तुझा इनासकाका दर वर्षी यादीत असे. तीन वर्षांपूर्वी खडकावरची कालवे काढताना त्याच्या उजव्या पायाला शिंपला लागला. मधुमेहामुळे जखम भरेना, वास येऊ लागला. मी त्याला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणालो, "औंदा रवांदे, इनास. पुढल्या वर्षी बघूया." तो हसला. त्यानंतर तो देवळात दाराजवळच्या बाकावर बसू लागला. पायाला फडके गुंडाळून असे. कुणी विचारले तर मुरगळलाय म्हणून सांगे, डॉक्टरांनाही दाखवीत नसे. मला तो त्याचा संकोची स्वभाव वाटला. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याखालून पाय कापावा लागला, एवढेच मी तुला कळवले होते. कारण कळवले नव्हते.

गेल्या महिन्यात मी यादी करायला बसलो, तेव्हा तो कुबडी टेकत आला आणि म्हणाला, "माका एकच पाय आसा. चलतलो मां?" मी लगेच त्याचे नाव पहिले लिहिले. मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

काल रविवारी त्याला आंघोळ घालायला गेलो, तर डाव्या पायातला मोजा तो काढू देईना. मी जबरदस्तीने काढला. दोन बोटे काळी पडली आहेत. पंधरा दिवस तो त्यांवर पावडर टाकत होता. माझा हात धरून म्हणाला, "गुरवारपर्यंत कोणाक सांगू नको रे. माझा नाव काढतलंस."

आज त्याला इस्पितळात नेले. बुधवारी सकाळी हाही पाय काढणार आहेत. पत्राने पापनिवेदन होत नाही, हे मीच धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवत आलो. म्हणून हे धर्मगुरूला नव्हे, मुलाला लिहितो आहे. उद्या संध्याकाळी परिचारिकेच्या परवानगीने मी तो पाय धुणार आहे. अर्थ मला तोंडपाठ आहे. हात कसा लावायचा ते माहीत नाही. तू आजारी माणसांत राहिला आहेस. पत्र पोचताच फोन कर आणि जखम न दुखवता पाय कसा धरायचा, तेवढे सांग. प्रवचन तुझे तू लिही.

तुझाच,
पापा

ता. क. हे पत्र टपालाने उद्यापर्यंत पोचणार नाही. इस्पितळातल्या एका मुलीला त्याचा फोटो काढून तुला पाठवायला सांगतो.