स्वच्छ माणूस पाहिजे

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर पाहून आधी हसले, पण आतलं वाचून हसू पळालं. पोलिसांच्या यादीतल्या माणसाचे फोन कुणाकुणाला जातात त्याचीही नोंद होते, असं हवालदाराने सांगितलं म्हणून तू मला फोन करणार नाहीस. ठीक आहे, मीही पत्रच लिहीन.

तुझ्यावर गुन्हा नाही, कुणाची तक्रार नाही. तू लिफ्ट दुरुस्त करतोस. दोन इमारतींत चोऱ्या झाल्या आणि त्याच सुमारास तुझा फोन त्या दोन्ही इमारतींत होता. असणारच! लिफ्ट काय दुरुस्तीला तुझ्या घरी चालत येणार होती? पण पोलिसांच्या संगणकाने तेवढ्यावरून तू पुढे चोरी करशील असा अंदाज बांधला, तुला यादीत टाकलं आणि आता दोन पोलीस वरचेवर 'सहज' म्हणून दारात उभे राहतात. आई त्यांच्यासाठी खुर्च्या पुसते हे वाचून मला रडावं की ओरडावं कळेना.

आता माझं ऐक. भाडेकरार लिहून लिहून माझ्या वकिलीला गंज चढलाय. परवा एक जाहिरात पाहिली. डिजिटल हक्कांसाठी झगडणारी एक संस्था आहे. माणसाने काही करण्याआधीच त्याला गुन्हेगार धरणाऱ्या या यादीला ती कोर्टात आव्हान देणार आहे आणि त्यासाठी तिला वकील हवाय. हे काम तुम्हाला का करायचंय, असं अर्जात विचारलंय. खरं कारण तू आहेस. लिहू का? नाव घालणार नाही.

आईला जप. माझी आठवण ठेव, चेष्टा करण्यापुरती तरी.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लिही की! एवीतेवी पोलीस माझं नाव फुकट वापरतातच, सख्ख्या बहिणीने वापरलं तर काय बिघडलं? फक्त मी हुशार आहे असं लिहू नकोस. खोटी माहिती दिली की अर्ज बाद होतो.

परवा ते कामावर आले. मी लिफ्टच्या टपावर बसून दोराला ग्रीस लावत होतो. वरून हाका मारून मला बाहेर काढलं आणि सगळे रहिवासी बघत असताना पिशवी जमिनीवर उलटी करायला लावली. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. एकाने स्क्रूड्रायव्हर उचलून विचारलं की याने काय काय उघडतं. मी म्हटलं, स्क्रू. त्याला ते आवडलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या तेव्हा मीच त्यांना बाहेर काढलं होतं. पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवा, असा निरोप कंपनीला त्यांनीच दिला. साहेबांनी मला गोदामात तारा गुंडाळायला बसवलंय. म्हणाले, थोडे दिवस. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, त्यावरून किती थोडे ते कळलं.

आई तुझी वाट बघते. मीही, पण मी ते सांगत नसतो.

तुझा ठोंब्या

२ मार्च

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

मुलाखत झाली. लख्ख उजेडाची खोली, कुंड्यांमध्ये झाडं, समोर चौघं. माणसं चांगली आहेत रे, वाईट असती तर सोपं झालं असतं. संचालक बाईंनी मला कायद्याचं थोडंसंच विचारलं. मग विचारलं की अर्जातला तो भाऊ कधी कुठल्या मारामारीत, दारूच्या भानगडीत वगैरे सापडला होता का. मी सांगितलं की लहानपणी मला चावला होता, त्यापलीकडे काही नाही. सगळे हसले. मग तो स्वतःच्या नावाने याचिका दाखल करील का, असं विचारलं. मी म्हटलं, मी माझ्या नोकरीसाठी आले आहे, त्याच्या नाही. बाई म्हणाल्या, अर्थातच, अर्थातच. आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

नोकरी मिळाली. मला आनंद झालाय आणि आनंद झाल्याची लाज वाटतेय. कुणी विचारायला आलं तर तू नाही म्हण. मोठी बहीण म्हणून सांगतेय.

तुझ्यावर माझी माया आहेच. तिची परीक्षा बघू नकोस.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू रागावशील म्हणून सही झाल्यावर लिहितोय. तुझ्या संचालक बाई इथे येऊन गेल्या. मी हो म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं असं समजून डोळे भरू नकोस. गोदामात तारा गुंडाळून गुंडाळून डोकं फिरलं होतं. कुणीतरी समोर बसून माझं पूर्ण ऐकून घेतलं, हे किती दिवसांनी झालं!

याचिकेच्या बातमीबरोबर माझा फोटो पेपरात आला. आईने कापून ठेवलाय. साहेबांनीही पाहिला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. गिऱ्हाइकं विचारतात, हा तोच का?

राग आला तर पत्रात लिही, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझा ठोंब्या

९ जुलै

महोदय,

आपण याचिका मागे घेतल्यास आपलं नाव यादीतून वगळण्याची तयारी पोलीस खात्याने दाखवली आहे. हा प्रस्ताव आपल्यापर्यंत पोहोचवणं हे आमचं कर्तव्य आहे. मात्र या प्रकरणात आपण एकमेव याचिकाकर्ते असल्याने आपण माघार घेतल्यास यादीला दिलेलं आव्हानच संपुष्टात येईल आणि यादीतील इतर सर्वजण होते तिथेच राहतील. त्यांचा विचार करून आपण हा प्रस्ताव नाकारावा, अशी संस्थेची नम्र विनंती आहे. निर्णय सर्वस्वी आपला आहे.

आपली विश्वासू,
विधी अधिकारी

९ जुलै

ठोंब्या,

याच टपालाने संस्थेचं पत्र येईल. ते मीच लिहिलंय. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ते मी पगारासाठी लिहिलं असंही समजू नकोस, मला ते पटतं.

तरी तू माघारीच्या कागदावर सही कर. आईने कळवलंय की तू आताशा जेवताना दाराकडे तोंड करून बसतोस. बाकीच्यांसाठी लढायला मी आहे. माझा भाऊ खर्ची घालून लढण्याची माझी ताकद नाही.

हे पत्र फाडून टाक.

ताई

३० जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. महोदयांना लिहिलेलं जास्त चांगलं जमलंय. सही केली.

पोलीस यायचे थांबले. आईने दोनदा विचारलं, आज आले नाहीत का. मी कंपनीत गेलो. साहेब म्हणाले, यादीतून नाव गेलं हे चांगलंच झालं, पण लोकांनी फोटो पाहिलाय ना. म्हणजे यादीने जेवढं केलं नाही तेवढं पेपराने केलं.

मुख्य सांगायचं वेगळंच आहे. काल एक रंगारी घरी आला. चाळिशीचा, हाताला चुन्याच्या भेगा. तोही यादीत आहे आणि माझ्या निकालाची वाट बघत होता. मला वाटलं भांडायला आलाय, मी मनाची तयारी केली. तो पाणी प्यायला, आईला नमस्कार केला आणि म्हणाला, तुमचं झालं ते बरं झालं. टोमणा असता तर मी परतवला असता. टोमणा नव्हता.

तो स्वतःच्या नावाने याचिका दाखल करायला तयार आहे. मी त्याला तुमच्या संस्थेचा पत्ता दिलाय. ताई, एवढं माझ्यासाठी कर. त्याला नीट बसव, नीट ऐक.

माझ्यावरचा तुझा जीव थोडा त्याच्याकडे वळव.

तुझा ठोंब्या

२२ ऑगस्ट

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

रंगारी आला होता. शर्टाला इस्त्री, पायात नवे बूट. मी नीट बसवलं, नीट ऐकलं. शेवटी त्याने आपणहून सांगितलं की तरुणपणी मजुरीवरून मुकादमाशी मारामारी झाली होती, महिनाभर तुरुंगात होता. मी पेन खाली ठेवलं. मुलाखतीत बाईंनी तुझ्याबद्दल ते का विचारलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

तरी बैठकीत त्याचं नाव मांडलं. बाई म्हणाल्या, तो खरं बोलतोय यात शंका नाही, पण पोलीस पहिल्याच दिवशी ती मारामारी पुढे करतील आणि यादी बरोबर होती असं म्हणतील. आपल्याला स्वच्छ माणूस पाहिजे. मी म्हटलं, ज्याने काहीच केलं नाही त्यालाच आपण वाचवणार असू, तर आपली यादी आणि त्यांची यादी यांत फरक काय? कुणी रागावलं नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि पुढचा विषय घेतला. मीही घेतला. स्वच्छ माणूस शोधायचं काम माझ्याकडेच दिलंय.

त्याला नकार मी तोंडाने सांगितला, पत्राने नाही. तो म्हणाला, हरकत नाही, मॅडम. मग विचारलं की तुमचा भाऊ रिकामाच आहे का अजून.

मी नोकरी सोडली नाही. सोडावी असं तुला वाटत असेल तर लिहू नकोस.

माझ्यावर माया ठेव. इथे ती पाठवणारं दुसरं कुणी नाही.

तुझी ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नोकरी सोडू नकोस. घरात एकाचा तरी पगार चालू हवा, आणि रागावणारं एक तरी माणूस त्या बैठकीत हवं.

सोमवारपासून मी रंगाऱ्याबरोबर जातो. अजून ब्रश हातात देत नाही, जुना रंग खरवडायला लावतो. काल एका मोठ्या बंगल्यावर गेलो. मालकाने दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. पेपरातला चेहरा त्याच्या लक्षात होता. तो रंगाऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला की याला आत घेता येणार नाही, घरात बायकामाणसं आहेत, सामान आहे. मी खरवडणी पिशवीत टाकून वळलो.

रंगारी म्हणाला, साहेब, मी याला ओळखतो, माणूस चांगला आहे.

मालक म्हणाला, तू सांगतोस म्हणून. आणि बाजूला झाला.

तुझा ठोंब्या